बाण कुणीकडे काढायचा

यंदा थंडी चांगली पडली आहे. तुम्हाला हवी असायची तशीच, कोरडी. सकाळी अंधारात घोंगडी अंगावरून ओढली की चटचट आवाज येतो आणि हातावरचे केस उभे राहतात. दर वर्षी हा आवाज आला की तुम्ही अंथरुणातूनच ओरडायचात, "आली, आली! वकीलीणबाई, वीज आली घरात!" जशी काही तुमची बहीणच माहेरपणाला आली. पलीकडून सासूबाई म्हणायच्या, "मेल्याले सकाळी सकाळी काय सुचते!"

परवा तो आवाज आला. कोणी ओरडलं नाही. सासूबाईंनीही ऐकला असणार, कारण त्या जाग्या होत्या. मी घोंगडीची घडी करून ठेवली आणि चूल पेटवायला गेले.

पुस्तकात विजेचा धडा ऐन पावसाळ्यात येतो. पुस्तक करणाऱ्या माणसाने आपल्याकडचा पावसाळा पाहिलेलाच नाही, असं तुमचं म्हणणं होतं. श्रावणात आपल्या गावी भिंतीला हात लावला तर ओला होतो. कपडे वाळत नाहीत, आगपेटी पेटत नाही, तिथे काच घासून वीज कुठून यायची? म्हणून तुम्ही तो धडा उचलून माघात टाकायचात. हेडमास्तर कुरकुरायचे, तपासणीसाहेब आले की दोघांची भंबेरी उडायची, पण तुम्ही ऐकलं नाहीत. "वाचून दाखवाले तं कोनताही महिना चालते," म्हणायचात. "दाखवाले थंडीच पाह्यजे." यंदाही तो धडा तुम्ही माघासाठी ठेवला होतात. माघ आला, तरी धडा तसाच पडून होता.

आपल्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट आठवते? घरात अजून पाहुणे होते. तुम्ही आढ्याला बांधलेलं बाशिंग खाली काढलंत आणि कात्री घेऊन त्याचं भेंड, तो पांढरा हलका गाभा, कापायला बसलात. नागपूरहून नुकतीच आलेली मी दारात उभी. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि माझ्या दादाने चौकशीच नीट केली नाही. सासूबाई धावत आल्या. तुमच्या घरची रीत अशी की लग्नाचं बाशिंग आढ्याला राहू द्यायचं, त्याला लोखंड लावायचं नाही. त्या कपाळ बडवून घेऊ लागल्या. "अरे, बाशिंग कापते का कोनी?" आणि तुम्ही शांतपणे वाटाण्याएवढा गोळा कापून हातावर घेतलात, त्याला फुंकर मारलीत आणि म्हणालात, "माय, याच्याइतकं हलकं भेंड साऱ्या तालुक्यात भेटत नाई."

त्या गोळ्याला कोशाचा, आपल्याकडच्या रानरेशमाचा, धागा बांधून तुम्ही तो खुंटीला टांगलात. मग कंदिलाची काच आपल्या कोशाच्या उपरण्याने घासून जवळ नेलीत. गोळा काचेकडे धावला, तिला चिकटला आणि लगेच लांब पळाला. पुन्हा काच जवळ नेली तर आणखी लांब. मी हसले. लग्नानंतर या घरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. सासूबाईंना ते हसणंही आवडलं नाही.

त्यानंतर तुम्ही मला तुमचा वर्गच करून टाकलंत. शाळेत जो धडा शिकवायचा तो आधी माझ्यावर शिकवून पाहायचा. मी मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवून थकून यायचे, भाजी चिरायला घ्यायचे, आणि तुम्ही पाटी घेऊन समोर. "पोरं विचारन्याच्या आधी तू विचार," असा हुकूम. मी विचारायचे. विचारायचे म्हणजे भांडायचेच. वकीलीणबाई हे नाव तिथूनच पडलं.

तो रव्याचा प्रयोग तुमचा सगळ्यांत लाडका. काचेच्या बशीत एरंडेल ओतायचं, वर चिमूटभर रवा भुरभुरायचा, आणि तेलात दोन तारांची टोकं समोरासमोर सोडायची. मग एका हातात कंदिलाची काच, तुमच्या कोशाच्या उपरण्याने घासलेली. ती धन. दुसरीकडे बाजारातून आणलेल्या पळसाच्या लाखेची कांडी, घोंगडीने घासलेली. ती ऋण. काच एका तारेला टेकवायची, लाख दुसऱ्या तारेला, पुन्हा घासायचं, पुन्हा टेकवायचं. आणि मग तेलातले रव्याचे कण हलू लागायचे. एकामागे एक उभे राहायचे आणि एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत वाकड्या वाकड्या ओळी उमटायच्या. मधल्या सरळ, बाहेरच्या पोट फुगवून गेलेल्या. तुम्ही श्वास रोखून बघायचात. दर वर्षी, जणू पहिल्यांदाच. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या एरंडेलात साऱ्या घराचं पोट साफ झालं असतं."

पहिल्या वर्षी ओळी उमटल्यावर तुम्ही पाटीवर त्याच रेषा काढल्यात आणि प्रत्येक रेषेवर एकेक बाण मारलात. काचेच्या तारेकडून निघून लाखेच्या तारेकडे. धनाकडून ऋणाकडे.

मी विचारलं, "हे बाण बशीत कुठे दिसले?"

तुम्ही खूश झालात. "नाई दिसले. रवा नुसती रेष दाखवते. दिशा दाखवत नाई." आणि बाशिंगाचा तो गोळा काढलात. काचेला टेकवून तो दोन तारांच्या मध्ये धरलात. तो लाखेच्या तारेकडे ओढला गेला. "पाय. धन भार ज्या बाजूनं ढकलला जाते, ती रेषेची दिशा."

"आता लाखेला टेकवून धरा."

तुम्ही धरलात. गोळा उलटा, काचेच्या तारेकडे गेला.

"मग याच्या मनासारखा बाण का नाही काढायचा?" मी म्हटलं. "रेष तीच. हा इकडे जातो, तो तिकडे. बाण मात्र त्याच्याच बाजूने."

"अवं, ते मानलेलं आहे. ठरवलं सगळ्यायनं मिळून."

"सासरी मुलीनेच जायचं, तसंच ना? तेही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. मुलीला सोडून."

तुम्ही इतके हसलात की पाटी हातातून पडली आणि तिचा कोपरा उडाला. मग हसणं थांबवून पाटी उचललीत आणि म्हणालात, "होय. तसंच आहे ते." मला वाटलं जिंकले. पण तुम्ही कुठले सोडताय! "पन एकदा ठरवलं का साऱ्यायनं तसंच काढा लागते. नाई तं याचं चित्र त्याले कळत नाई." मी म्हटलं, ही सोय झाली, हे कारण नाही. तुम्ही म्हणालात, सोय हेच कारण. चूल विझली तरी आपण भांडत होतो. त्या रात्री भाजी कच्चीच खाल्ली आपण तिघांनी.

हे भांडण आपण दर माघात नव्याने काढायचो. कधी तुम्ही मुद्दाम पाटीवर बाण काढायचात आणि माझ्याकडे बघायचात. कधी मी पोळपाटावर पिठात बोटाने उलटे बाण काढून ठेवायचे. निकाल कधी लागला नाही. लागावा असं मला वाटतही नव्हतं. मुलंबाळं नव्हती आपल्याला. लोक त्यावरून बोलायचे. आपण त्यावर कधी बोललो नाही. आपण बाणांवर बोलत होतो.

आणि तो राखेचा गोंधळ! एका वर्षी वर्गात न्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही कंदिलाची काच लखलखीत करायला घेतलीत. तुमच्या माय भांडी घासतात तशी चुलीतली राख लावून घासलीत, वरून धुतलीत, पुसलीत. एवढी चकचकीत काच तुमच्या वर्गाने पाहिली नसेल. आणि दुसऱ्या दिवशी पोरांसमोर तुम्ही उपरण्याने ती घासता आहात, घासता आहात, आणि गोळा जागचा हलत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, दिव्यात तेल घाला." घरी आलात तेव्हा जेवला नाहीत. मग मी काचेला जीभ लावून पाहिली. खारट. राखेचा खार काचेला धरून बसला होता, आणि खार म्हटला की ओल धरणारच. उकळत्या पाण्याने काच धुतली, चुलीजवळ शेकली, आणि गोळा पुन्हा पळू लागला. तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, "माय, हे सूनबाई मास्तरापेक्षा हुशार आहे." त्या म्हणाल्या, "मंग तिलेच पाठव तुह्या शाळेत." रागाने म्हणाल्या होत्या.

सासूबाईंचं आणि माझं जमत नव्हतं, हे काही तुमच्यापासून लपलेलं नव्हतं. तुम्ही बशीत दोन्ही तारांना काच लावायचात, दोन्ही धन. मग रव्याच्या ओळी एकमेकींकडे पाठ करून वळायच्या आणि मधोमध एक मोकळी जागा राहायची. "हे पाय," तुम्ही दबक्या आवाजात म्हणायचात, "हे तू, हे माय. अन् हे मधात चूल." मी लाटणं उगारायचे. त्या वेळी हसायला येत होतं. कारण मध्ये तुम्ही होतात.

वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या शाळांच्या परीक्षा घ्यायला तुम्ही गेलात आणि ताप घेऊन आलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तापात तुम्ही काय बोललात, ते माझ्यापाशी आहे. निघताना मी तुम्हाला दारापर्यंत पोचवायला आले नव्हते, कढईत काहीतरी होतं. तुम्ही "जातो" म्हणालात, मी आतूनच "हो" म्हणाले. असं कितीदा झालं असेल. माणूस परत येतो, म्हणून ते चालतं.

तुम्हाला नेताना सासूबाईंनी तेच कोशाचं उपरणं तुमच्या अंगावर घातलं. मी बघत होते. मनात आलं, अहो, ते वर्गाचं आहे. असल्या वेळी असलं काही मनात येतं, याची मला लाज नाही वाटली. तुम्हाला हसू आलं असतं.

घर माणसांनी भरलेलं असताना सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाशिंग कापलं तवाच मी म्हनलं होतं." एवढंच. पण सगळ्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "ते विजेचं सारं तलावात टाकून ये. घरात नको." कापलं तुम्ही, मी नव्हे. पण हसले मी होते, हे त्यांच्या लक्षात राहिलं आहे. मी ते सामान तलावात टाकलं नाही. एका फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं. त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं असेल, पोराला खाल्लं तरी हिची हौस फिटली नाही. त्यानंतर आम्ही दोघी कामापुरतं बोलतो. मीठ दे. गाय सोडली का. दार लाव.

मला फार एकटं वाटतं. हे मी कोणाला सांगू? शाळेत मुली पाढे म्हणतात तोवर बरं असतं. घरी आलं की एका खोलीत त्या, एका खोलीत मी, आणि मध्ये तुमची ती फुटक्या कोपऱ्याची पाटी. रडायला येतं तेव्हा मी भांडी घासायला घेते. माणूस गेलं की त्याचं प्रेम आठवतं, असं सगळ्या बायका मला सांगून गेल्या. मला तुमचं न ऐकणं आठवतं. माझ्या प्रत्येक वाक्याला "पन" म्हणणारं कोणी उरलेलं नाही. आता मी जे बोलते ते खरंच ठरतं, आणि त्याचा काही उपयोग नाही.

मागच्या आठवड्यात हेडमास्तर आले. ओसरीवर बसले, टोपी काढून पुन्हा घातली. मॅट्रिकच्या पोरांचा विजेचा धडा राहिला आहे, नवे मास्तर जूनशिवाय येत नाहीत, परीक्षा तोंडावर. "गुरुजींचं सामान शाळेला देता का? आम्ही पाहू कसं जमते ते." मी आतूनच म्हटलं, "सामान देत नाही. मी येते." सुतकाचे दिवस संपले असले तरी पांढऱ्या कपाळाची बाई वर्ष न होता चार लोकांत येणार, तीही मोठ्या पोरांच्या वर्गात, याचा त्यांना घाम फुटला. मग म्हणाले, "मी मागं बसून राहीन." मी म्हटलं, "बसा. शिकाल काहीतरी." तुमची सवय लागली आहे मला.

त्याच आठवड्यात दादा आला. छोट्या रेल्वेगाडीने आला, मला न्यायला. त्याने दोन दिवस घराकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "कमल, इथी तुझं कोन आहे? एक म्हातारी, ते बी तुले बोल लावते. नागपुरात शाळा काय कमी आहेत? चल." तो खोटं काही बोलत नव्हता. वहिनीने माझ्यासाठी खोली मोकळी करून ठेवली आहे. माझा दादा चांगला आहे, हे तुम्हीही मानायचात.

तुम्ही एकदा सांगितलं होतं की त्या रव्याच्या ओळींसारख्या दोन बलरेषा एकमेकींना कधी छेदत नाहीत. मी म्हटलं होतं, का नाही, वाटा तर छेदतात. तुम्ही म्हणालात, "एका जागी ठेवलेल्या भाराले चार बाजूंनी ढकललं, तरी त्याचं जानं एकाच दिशेनं होते. एका जागेवर दोन बाण काढता येत नाई." दादा बोलत होता तेव्हा मी तेच आठवत होते. एकीकडे तो, एकीकडे हे घर. आणि माझ्या जागी तो एकच बाण कुणीकडचा, ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "धडा होऊ दे, मग जाऊ." दादाने ते "हो" असं धरलं.

सामान माळ्यावरून काढलं. काच उकळत्या पाण्याने धुतली, शेकली. पण कोसा नव्हता, तो तुमच्यासोबत गेला. मी सुती पदराने घासून पाहिली, गोळा जेमतेम थरथरला. दादाचं रेशमी उपरणं मागितलं, ते कुठलं रेशीम होतं देव जाणे, त्यानेही जमेना. मी घासते आहे, घासते आहे, आणि दाराशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या आहेत, हे मला कळलंच नाही. त्या बघत होत्या. मग आत गेल्या. त्यांच्या पेटीचं झाकण वाजलं.

तुमच्या पहिल्या पगारात तुम्ही त्यांना कोशाचं लुगडं आणलं होतं. ते त्यांनी कधी नेसलं नाही. शेवटच्या दिवशी अंगावर घालायला ठेवलं आहे, असं त्या साऱ्या गावाला सांगायच्या. ते लुगडं हातात घेऊन त्या आल्या. कोशाचं कापड सहजी फाटत नाही. त्यांनी काठाला दात लावला, मग दोन्ही हातांनी ओढलं, आणि वीतभर तुकडा फाडून माझ्यासमोर धरला.

"माह्यासाठी होतं," त्या म्हणाल्या. "तो माह्या आंधी गेला. घे, त्याचं काम राह्यलं आहे."

बाशिंगाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मी तुकडा घेतला. काच घासली. गोळा पळाला. त्या तो पळालेला गोळा बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

धडा झाला. तुमचा वर्ग तुमच्यासारखाच वांड आहे, पण त्या दिवशी कोणी चूं केलं नाही. फळ्यावर लिहिताना हातात बांगड्या नाहीत, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. मी आधी एकट्या धन भाराचं चित्र काढलं. मधोमध एक ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना सरळ निघालेल्या रेषा. त्या कुठे पोचतात, असं एकाने विचारलं. तुमचं उत्तर मला पाठ होतं: दुसरा भार फार दूर नेला आहे असं समजायचं. एकटा भार जगात कोणी करू शकत नाही. काच घासली की जितकं धन तिच्यावर येतं, तितकंच ऋण त्या कोशावर जातं. ते वाक्य मी दोनदा म्हटलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मी पाणी प्याले आणि पुढे शिकवलं.

रव्याच्या ओळी छान उमटल्या. पोरं बाकावर चढली. मग फळ्यावर त्या रेषा काढल्या आणि बाण काढायची वेळ आली. तुम्हाला सांगते, खडू हातात धरून मी थांबले. इतकी वर्षं भांडले होते. आज फळा माझा होता, अडवणारं कोणी नव्हतं. उलटा काढला असता तरी चाललं असतं.

मी तुमच्यासारखाच काढला. धनाकडून ऋणाकडे. पोरांना परीक्षेत तेच लिहायचं आहे, म्हणून. मला पटलं म्हणून नव्हे. जिंकलात असं समजू नका.

इथपर्यंत परवा लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

आज दुपारी मी दादाबरोबर निघाले. पेटी बांधली होती. सासूबाईंच्या पाया पडले. त्या भिंतीकडे बघून "जा बाई, सुखानं राय," म्हणाल्या. स्टेशनला जायला बैलांच्या दमणीत बसल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही. रडले नाही. असं वाटत होतं की कोणीतरी ढकलतं आहे आणि मी चालले आहे, त्यात माझं काही नाही. लग्न होऊन आले तेव्हाही असंच वाटलं होतं.

स्टेशनात गाडी आली. दादाने पेटी वर चढवली, स्वतः चढला, आणि दारातून हात पुढे करून म्हणाला, "येतेस ना, कमल?"

एवढंच विचारलं त्याने. आणि मला एकदम तुमच्याशी भांडायचा मुद्दा सापडला. इतक्या वर्षांत सुचला नाही, तो तिथे सुचला. अहो, त्या भेंडाच्या गोळ्याला कोणी कधी विचारलं होतं का, येतोस ना म्हणून? तो ढकलला गेला की गेला. त्याचा बाण दुसऱ्याने काढावा, यात नवल नाही. पण मला विचारलं. आणि विचारलं म्हणजे नाही म्हणता येतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही "पन" म्हणाला असतात. काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक नाही, आणि ते आता कधीच कळणार नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या फलाटावर उभी राहून रडले, गाडीसमोर, सगळ्या लोकांदेखत.

"दादा, पेटी खाली दे," मी म्हटलं.

"वेडी झाली का तू? काऊन? कोन आहे तुझं इथी?"

मी पेटीची कडी धरून ओढली. शेवटी त्यानेच ती खाली उतरवून दिली, आणि गाडी हलली तरी तो दारात उभा होता. त्याला मी दुखवलं. त्याची समजूत मी नंतर काढीन.

दमणीवाला थांबला होता. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती, पण घरात दिवा नव्हता. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली.

"कोन?"

"मी."

मग कडी निघाली. सासूबाई अंधारात उभ्या होत्या, आणि हाताने माझा दंड चाचपून बघत होत्या, जशी काही मी खरी आहे की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

"मले वाटलं, तू बी गेली," त्या म्हणाल्या.

मी दिवा लावला. चूल थंड होती. सकाळची राखही काढलेली नव्हती. मी विचारलं, "जेवलात का?"

"भात टाकला नाई मी," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी काय टाकाचं."

मी तांदूळ धुतले, चूल पेटवली, आणि भात शिजतो तोवर हे शेवटचं लिहायला बसले. त्या पलीकडे बसल्या आहेत. रोज या वेळी आपल्या खोलीत असतात. पण आज चुलीजवळ बसल्या आहेत. भाताला वाफ आली आहे. तुमच्याशी भांडायचं आहेच मला, ते सोडणार नाही. पण जरा थांबा. आधी मायला जेवू घालते.